गेमिंग अकाउंट डिलीट करायचंय? आधी पैसे थांबवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ऑनलाइन गेमचं बऱ्याच वर्षांचं अकाउंट आहे. त्यात विकत घेतलेले गेम आहेत, स्किन्स (पात्रांचे शोभेचे पोशाख) आहेत, वॉलेटमध्ये थोडे पैसेही आहेत. गेम बाजारात आणणाऱ्या पब्लिशर कंपनीने एकामागून एक असे निर्णय घेतले की आता तिचं नावसुद्धा नको झालंय. अकाउंट कायमचं डिलीट करावं का? त्याने कंपनीला काही फरक पडतो का? आणि करायचंच ठरलं तर नीट कसं करावं?

मी बरीच वर्षं प्लेअर सपोर्टमध्ये काम केलं आहे आणि अकाउंट बंद करण्याच्या विनंत्या हाताळणं हा त्यातला रोजचा भाग होता. म्हणून आधी उत्तर देऊन टाकतो, कारणं मागाहून. कंपनीला झोंबतं ते तुमचा पैसा आणि तुमचा वेळ तिच्याकडून निघून जाणं. या दोन्ही गोष्टी तुम्ही आज, डिलीटच्या बटणाला हातही न लावता थांबवू शकता. डिलीट करण्याला अर्थ आहे, पण तो तुमची माहिती तिच्या सर्व्हरवरून काढून घेण्यापुरता. कंपनीला धडा शिकवायला ते फार कमी कामाचं आहे. तेव्हा पैसे आज थांबवा, आपलं जे काही आहे ते बाहेर काढा आणि डिलीटचा निर्णय डोकं शांत झाल्यावर घ्या.

कंपनीच्या आत काय दिसतं ते आधी सांगतो, कारण बहुतेकांचा गैरसमज तिथेच असतो. गेम कंपन्या गुंतवणूकदारांना जे आकडे दाखवतात त्यात महिन्याभरात किती खेळाडूंनी लॉगिन केलं आणि प्रत्येकाकडून सरासरी किती पैसे आले हे आकडे महत्त्वाचे असतात. तुम्ही महिनाभर लॉगिन केलं नाही की पहिल्या आकड्यातून तुम्ही आपोआप गळता. अकाउंट डिलीट केलं तरी त्याच आकड्यातून, तेवढेच गळता. एकूण नोंदणीकृत अकाउंट किती, हा आकडा जाहिरातीत मिरवायला बरा असतो, पण त्यावर कोणाचा बोनस ठरत नाही. एखाद्या आठवड्यात डिलीटच्या विनंत्या एकदम वाढल्या तर ते आत नक्की दिसतं, सपोर्टवर ताण येतो आणि वरपर्यंत अहवालही जातो. पण त्या अहवालाच्या शेजारीच त्या आठवड्याच्या विक्रीचा अहवाल असतो. विक्री जागच्या जागी असेल तर डिलीटच्या आकड्याकडे ‘होईल शांत’ म्हणून बघितलं जातं.

याचं सगळ्यात उघडं उदाहरण २०११ चं आहे. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेममध्ये कंपनीने पात्रांसाठी शोभेच्या वस्तू विकायला काढल्या. त्यातल्या एका एकडोळ्या चष्म्याची किंमत साठ डॉलरच्या वर होती. खेळाडू भडकले. त्यातच कंपनीच्या प्रमुखाचा आतला ईमेल फुटला. त्यात त्याने लिहिलं होतं की खेळाडू काय बोलतात यापेक्षा ते काय करतात त्याकडे लक्ष द्यावं. लोकांना तो उर्मटपणा वाटला आणि तो होताच. पण धंद्याच्या दृष्टीने तो खरं बोलला होता, आणि खेळाडूंनी त्याचं म्हणणं शब्दशः घेतलं. त्यांनी सबस्क्रिप्शन बंद केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या प्रमुखाने जाहीर पत्र लिहून माफी मागितली, आणि कंपनीला सुमारे वीस टक्के कर्मचारी कमी करावे लागले. या गेममध्ये पैसे न भरणारं अकाउंट पडून राहतं, पुढे कधी परतलात तर पात्र तिथेच असतं. म्हणजे दणका पुरेपूर बसला आणि खेळाडूंनी स्वतःचं काही जाळलं नाही.

आदल्या वर्षी, २०१० च्या जुलैमध्ये, ब्लिझार्ड या गेम कंपनीने जाहीर केलं होतं की तिच्या अधिकृत चर्चामंचांवर लिहिणाऱ्यांची खरी नावं दिसतील. तिचा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट तेव्हा मासिक सबस्क्रिप्शनवर चालणारा प्रचंड मोठा गेम होता. सबस्क्रिप्शन रद्द करण्याची लाट उठली आणि तीन दिवसांत निर्णय मागे घेतला गेला.

त्याच कंपनीचं २०१९ चं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. हार्थस्टोन या तिच्या पत्त्यांच्या गेमचा हाँगकाँगचा व्यावसायिक खेळाडू ब्लिट्झचुंग याने सामन्यानंतरच्या मुलाखतीत हाँगकाँगच्या आंदोलनाची घोषणा दिली. कंपनीने त्याला एक वर्षाची बंदी घातली आणि बक्षिसाची रक्कम रोखली. तेव्हा अनेकांनी अकाउंट डिलीट करायला घेतलं. ओळख पटवण्याच्या पायरीवर गाडी अडते, कंपनी मुद्दाम अडवते, अशा तक्रारी इंटरनेटभर होत्या. काही दिवसांतच बंदी सहा महिन्यांवर आली, बक्षीसही परत मिळालं, आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीच्या अध्यक्षाने वार्षिक मेळाव्याच्या मंचावरून माफी मागितली. हे डिलीटमुळे झालं की बातम्यांमुळे, की अमेरिकन संसद सदस्यांच्या जाहीर टीकेमुळे, यावर वाद घालता येईल. माझं मत विचाराल तर बातम्या आणि त्या टीकेचा वाटा मोठा. डिलीटच्या रांगेने बातम्यांना फोटो पुरवले. त्याची किंमत मात्र ज्यांनी पहिल्याच रात्री अकाउंट उडवलं त्यांनी मोजली.

हेलडायव्हर्स २ चं उदाहरण मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. मे २०२४ मध्ये सोनीने पीसीवर हा गेम खेळणाऱ्यांना प्लेस्टेशन नेटवर्कचं अकाउंट जोडणं सक्तीचं करायचं ठरवलं. ज्या देशांत ते नेटवर्क अधिकृतपणे मिळतच नाही तिथेही गेम विकला गेला होता. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात दोन लाखांहून जास्त नकारात्मक रिव्ह्यू पडले आणि सोनीने सक्ती मागे घेतली, तीही दोन-तीन दिवसांत. आता हे लक्षात घ्या की स्टीमवर रिव्ह्यू लिहायला तो गेम तुमच्या अकाउंटमध्ये असावा लागतो. दुकानाच्या पानावर, विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लिहिण्याचा हक्क जिवंत अकाउंटला असतो. रागाच्या भरात पहिल्याच दिवशी डिलीट केलंत तर ज्या जागी तुमचं बोलणं विक्रीला भिडतं तीच जागा तुम्ही सोडता.

मग डिलीट करण्यात आपलं काय जातं? थोडक्यात, सगळं. डिजिटल गेम ‘विकत घेणं’ म्हणजे बहुतेक ठिकाणी तो वापरण्याचा परवाना घेणं असतं, आणि तो परवाना अकाउंटला चिकटलेला असतो. अकाउंट गेलं की परवाना गेला. तो दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही, नव्या अकाउंटवर हलवता येत नाही. डब्यातून आलेल्या सीडीवरचा गेम सुरू करण्याचा कोड एकदा अकाउंटला लावला असेल तर तोही त्याच्याबरोबर संपतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार विक्रेत्याला ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं की तो मालकी नव्हे तर परवाना घेतोय. म्हणूनच स्टीमच्या पैसे भरण्याच्या पानावर आता तशी ओळ दिसते.

अर्थात परवान्याची ही दोरी कंपनीच्याही हातात असते. युबिसॉफ्टने २०१४ चा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम मार्च २०२४ च्या अखेरीस सर्व्हरसकट बंद केला. ज्यांनी पैसे मोजून तो घेतला होता त्यांनाही तो एकट्याने खेळता येईना. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली, आणि युरोपीय संघाकडे कायदा मागणाऱ्या तिच्या नागरिक-अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. तेव्हा तुमचा राग निराधार आहे असं मी म्हणत नाही. पण कंपनी तुमच्याकडून जे हिसकावू शकते तेच तुम्ही आपल्या हाताने तिला परत देऊ नका, एवढंच सांगणं आहे.

आता हाताने करायच्या गोष्टी. पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या नजरेत ‘एक अकाउंट’ असलं तरी ती सहसा दोन-तीन अकाउंटं असतात, एकमेकांना जोडलेली. स्टीम, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, गूगल प्ले ही दुकानं; युबिसॉफ्ट, ईए, बॅटलनेट, रायट ही पब्लिशरची अकाउंटं; आणि लॉगिनसाठी वापरलेलं गूगल, ॲपल किंवा फेसबुक. राग नक्की कोणावर आहे ते आधी ठरवा. एखादा गेम स्टीमवरून घेतला पण तो सुरू व्हायला पब्लिशरचं अकाउंट लागतं, असं असेल तर पब्लिशरचं अकाउंट डिलीट केल्यावर गेम स्टीमच्या यादीत दिसत राहतो आणि चालत मात्र नाही, कारण त्याचा कोड जुन्या, आता नसलेल्या अकाउंटला लागलेला असतो. उलट, राग एका पब्लिशरवर असताना पूर्ण स्टीम अकाउंट उडवणं म्हणजे इतर शंभर डेव्हलपर्सकडून घेतलेले गेमही जाळणं. असं करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि दोन महिन्यांनी त्यांची ‘परत मिळेल का’ ची तिकिटंही (सपोर्टकडे आलेल्या विनंत्या) वाचली आहेत. उत्तर ठरलेलं असतं: नाही.

जोडण्या सोडवायच्या असतील तर डिलीटच्या आधी सोडवा. कन्सोलचं अकाउंट एकदा पब्लिशरच्या अकाउंटला जोडलं की ते पुन्हा दुसरीकडे जोडण्यावर पुष्कळ कंपन्यांची बंधनं असतात. जोडणी तशीच ठेवून मुख्य अकाउंट गेलं तर पुढे कधी नवं अकाउंट काढताना ‘हे कन्सोल आधीच जोडलेलं आहे’ असा निरोप येऊन बसतो, आणि तो सोडवायला सपोर्टचे उंबरठे झिजवावे लागतात.

पैशांच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान सबस्क्रिप्शनमुळे होतं. फोनवरून ॲप काढून टाकल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही. गेमचं अकाउंट डिलीट केल्यानेही ते बंद होईलच असं नाही, कारण पैसे ॲपल किंवा गूगलच्या दुकानातून कापले जातात आणि गेम कंपनी सहसा तिथे हात घालत नाही. अकाउंट संपलेलं आणि दर महिन्याला पैसे चालू, ही तक्रार सपोर्टमधल्या कोणालाही विचारा, पाठ असते. त्यामुळे आधी दुकानाच्या सबस्क्रिप्शन यादीत जाऊन रद्द करा. मग पब्लिशरच्या साइटवरचं रद्द करा. मग साठवलेलं कार्ड आणि पेपाल काढा. बॅटल पास, महिन्याचा बंडल, आपोआप भरणारं वॉलेट, या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवा.

रद्द करताना कारण विचारणारी यादी येते. ती टाळू नका. लोक मोकळ्या चौकटीत निबंध लिहितात आणि यादीत ‘इतर’ निवडतात. याच्या अगदी उलट करायला हवं. यादीतला पर्याय थेट आकड्यात जातो आणि तो आकडा आठवड्याच्या बैठकीत जातो. मोकळ्या चौकटीतलं फारच थोडं वाचलं जातं, म्हणून तिथे एक-दोन वाक्यंच लिहा: कोणत्या निर्णयामुळे जाताय आणि काय बदललं तर परत याल. आणि तिकिटाला उत्तर देणाऱ्या माणसाला शिव्या घालू नका. लूट बॉक्स (आत काय निघेल ते न कळता पैसे देऊन उघडायच्या पेट्या) त्याने आणलेले नसतात, सर्व्हर त्याने बंद केलेले नसतात. शिव्या असलेलं तिकीट त्याला धोरणाप्रमाणे तिथेच बंद करता येतं, आणि तुमचं म्हणणं त्याबरोबर गाडलं जातं.

वॉलेटमधली शिल्लक, विकत घेतलेली नाणी, रत्नं, गिफ्ट कार्डने भरलेली रक्कम हे सारं डिलीटबरोबर शून्य होतं, आणि जवळपास प्रत्येक कंपनीच्या अटींत तसं लिहिलेलं असतं. अलीकडे काही घेतलं असेल तर आधी रिफंड मागा. स्टीमचा नियम खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर असा आहे. इतर दुकानांच्या मुदती वेगळ्या असतात. मुदत टळली असली तरी विनंती करायला हरकत नाही, विशेषतः कंपनीने गेममध्ये मोठा बदल नुकताच केला असेल तर. पण रिफंडचं तिकीट उघडं असताना डिलीटची विनंती टाकू नका. अकाउंट गेलं की रिफंड कोणाला द्यायचा हाच प्रश्न उरतो.

कोणी सल्ला देईल की बँकेकडे जाऊन व्यवहारच वादात टाक, चार्जबॅक कर. हे हत्यार जपून वापरा. कार्ड चोरीला गेलं, मुलाने न विचारता खरेदी केली, पैसे घेतले आणि वस्तू दिलीच नाही, अशा वेळी ते रास्त आहे. निव्वळ राग आला म्हणून जुने व्यवहार उलटवायला गेलात तर कंपनी त्याला फसवणूक समजते आणि अकाउंट कुलूपबंद करते. यावर सरकारी बडगाही बसलेला आहे: अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सबरोबर जी तडजोड जाहीर केली, तिच्यात फसव्या बटणांमुळे झालेल्या खरेदीसाठी २४.५ कोटी डॉलर परत द्यायचे होते. बँकेकडे तक्रार करणाऱ्या ग्राहकांची अकाउंटं कंपनी बंद करत होती हा आरोपही त्यात होता, आणि तसं पुन्हा करायला तिला मनाई झाली. तरीही ही मनाई त्या एका कंपनीपुरती आहे. बाकीच्यांकडून तशा सौजन्याची अपेक्षा धरू नका.

अकाउंट विकून टाकण्याचा मोह होईल. करू नका. अटींत बसत नाही हे एक झालंच, शिवाय मूळ ईमेल आणि खरेदीच्या पावत्या तुमच्या नावावर राहतात. पुढच्या माणसाने त्यावरून फसवणूक केली तर निस्तरायला तुमचं नाव पुढे येतं.

आता माहिती, म्हणजे ज्यासाठी डिलीट करणं खरोखर योग्य ठरतं तो विषय. गेमिंग अकाउंटमध्ये तुमचं नाव, जन्मतारीख, ईमेल, कुठून कुठून लॉगिन केलं ते आयपी पत्ते, चॅट, मित्रांची यादी, खरेदीचा इतिहास आणि कधीकधी ओळखपत्राचा फोटोही असतो. प्लेस्टेशन नेटवर्कवर एप्रिल २०११ मध्ये हल्ला झाला तेव्हा सुमारे ७.७ कोटी अकाउंटांची माहिती धोक्यात आली आणि नेटवर्क तीन आठवड्यांहून जास्त बंद होतं. ज्या सेवेकडे तुम्ही पुन्हा ढुंकूनही बघणार नाही तिच्याकडे ही माहिती पडून राहण्यात तुमचा काहीच फायदा नाही.

डिलीटच्या आधी या माहितीची प्रत मागून घ्या. हे मी ठासून सांगतो, कारण ही पायरी बहुतेक लोक गाळतात. युरोपात जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १५ नुसार प्रत मिळवण्याचा आणि कलम १७ नुसार माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. कंपनीला एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. गुंतागुंत असेल तर आणखी दोन महिने घेता येतात, पण तसं कळवावं लागतं. कॅलिफोर्नियात मुदत ४५ दिवसांची आहे. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही माहिती पुसून घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. पुष्कळ मोठ्या कंपन्या एकच फॉर्म सगळ्या देशांतल्या लोकांना उघडा ठेवतात, म्हणून आपल्याला लागू होत नाही असं समजून आधीच मागे फिरू नका. प्रत आली की त्यात खरेदीच्या नोंदी आहेत का पाहा. पुढे वाद झालाच तर तोच तुमचा पुरावा. अकाउंट पुसल्यावर ही प्रत मागायला गेलात तर ‘तुम्ही ते अकाउंट चालवणारेच कशावरून’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

सेव्ह फाइल्स क्लाउडवर असतील तर संगणकावर उतरवून घ्या. रिप्ले आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. जीओजीसारख्या दुकानातून घेतलेल्या गेमचे इन्स्टॉलर कॉपी-प्रतिबंधाशिवाय मिळतात, ते आधी उतरवून ठेवले तर नंतरही चालतात. गिल्डचे किंवा क्लॅनचे, म्हणजे गेममधल्या गटाचे, प्रमुख असाल तर पद दुसऱ्याकडे द्या. प्रमुखच गायब झालेला क्लॅन म्हणजे बाकीच्यांना विनाकारण शिक्षा. ज्यांच्याशी फक्त गेममधूनच ओळख आहे त्यांच्याकडून संपर्क घ्या. कुटुंबात गेम शेअर करत असाल तर घरातल्या इतरांना सांगा, कारण तुमच्या लायब्ररीतले गेम त्यांच्याकडूनही जातील.

बंदी घातल्यामुळे राग आला असेल तर गोष्ट वेगळी आहे. अपील संपेपर्यंत डिलीट अजिबात करू नका. अपील अकाउंटवर चालतं. अकाउंट नसेल तर फाइल बंद. आणि डिलीट करून नव्या नावाने आलं की बंदी पुसते असं वाटत असेल तर तेही नाही. बंदीची नोंद कंपन्या फसवणूक रोखण्याच्या नावाखाली ठेवून घेतात, अनेकदा यंत्राच्या ओळखीसकट.

प्रत्यक्ष डिलीट करताना अडचण येते ती ओळख पटवण्यात. ज्या ईमेलने नोंदणी केली तो चालू आहे का आधी बघा. दुहेरी पडताळणीचा फोन किंवा ॲप जवळ असू द्या. फोन बदलला असेल तर आधी ते प्रकरण सोडवा. ॲपलचा ‘ईमेल लपवा’ पर्याय वापरून लॉगिन केलं असेल तर तो बनावट पत्ता सेटिंगमधून शोधून ठेवा, सपोर्टला तोच पत्ता दिसत असतो. ओळखपत्र मागितलं तर विनंती अधिकृत साइटवरूनच आली आहे याची खात्री करा, आणि कंपनीच्या सूचनांत बसत असेल तर नको असलेला भाग झाकून पाठवा. मोठा वाद पेटलेला असताना विनंत्यांचा पूर येतो आणि नेमकी पडताळणीचीच रांग तुंबते. त्यामागे कट असायलाच हवा असं नाही. वाद थंडावल्यावर त्याच कामाला बराच कमी वेळ लागतो.

आयफोनवरच्या ज्या ॲपमध्ये अकाउंट उघडता येतं त्यात ते डिलीट करण्याची सोयही असायलाच हवी, असा ॲपलचा नियम ३० जून २०२२ पासून लागू आहे. गूगलनेही २०२३ मध्ये तसंच धोरण आणलं, आणि त्यात ॲपबाहेर वेबवरूनही विनंती करता यायला हवी अशी अट आहे. तेव्हा कंपनीच्या साइटवर बटण सापडत नसेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये किंवा प्ले स्टोअरवरच्या डेटा सुरक्षेच्या भागात शोधा.

विनंती मान्य झाली की बहुतेक ठिकाणी लगेच काही पुसलं जात नाही. थांबण्याचा काळ असतो. स्टीमवर तो ३० दिवसांचा आहे. या काळात मन बदललं तर परत येता येतं. पण यात एक मेख आहे. काही सेवांमध्ये या काळात लॉगिन झालं की विनंती आपोआप रद्द होते, आणि लॉगिन तुम्हीच करायला हवं असं नाही. संगणक सुरू होताच उघडणारा लाँचर (गेम सुरू करणारा प्रोग्रॅम) किंवा कोपऱ्यातला जुना कन्सोल तुमच्या नकळत आत शिरतो. म्हणून विनंती टाकल्यावर सगळ्या यंत्रांवरून लॉगआउट व्हा आणि लाँचर काढून टाका.

डिलीट झाल्यावरही काही गोष्टी मागे राहतात, त्याने दचकू नका. खरेदीच्या नोंदी कर आणि हिशेबाच्या कायद्यांमुळे ठेवाव्या लागतात, आणि जीडीपीआरमध्येही कायदेशीर बंधनासाठी तशी सूट आहे. इतरांच्या चॅटमध्ये तुमचे निरोप राहतात, नावाच्या जागी ‘डिलीट केलेला वापरकर्ता’ असं काहीसं दिसतं. बॅकअपमधली प्रत निघायला जास्त वेळ लागतो. टोपणनाव कुठे कायमचं बंद होतं, कुठे पुन्हा खुलं होतं. तुमचं नाव त्या वर्तुळात ओळखीचं असेल तर उद्या तेच नाव घेऊन दुसरा कोणी मिरवू शकतो, हेही गृहीत धरा.

तुमच्यासारख्या माणसाला, म्हणजे ज्याच्या अकाउंटमध्ये पैसे देऊन घेतलेले गेम आहेत त्याला, मी सहसा आधी मधला मार्ग सुचवतो. सबस्क्रिप्शन बंद, कार्ड काढलेलं, प्रोफाइल खासगी, मित्रांना निरोप दिलेला, इतर कुठेही न वापरलेला लांब पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी चालू. एवढं करून गेम काढून टाका आणि पडू द्या. कंपनीच्या दृष्टीने तुम्ही गेलातच. मात्र वर्षानुवर्षं न उघडलेलं अकाउंट कंपनीही बंद करू शकते, म्हणून निष्क्रिय अकाउंटविषयी तिच्या अटी काय आहेत त्या वाचून ठेवा आणि नोंदणीचा ईमेल अधूनमधून तपासा. फुकट गेम असेल, आत विशेष काही नसेल, पब्लिशरचं हे अकाउंट बाकी कशालाच जोडलेलं नसेल, तर मात्र सरळ डिलीट करा. त्यात थांबण्यासारखं काही नाही. मधल्या मार्गावर दोन-तीन महिने गेल्यावरही त्या कंपनीकडे तुमची माहिती असणं खटकत असेल तरीही करा. तो निर्णय तेव्हा रागाचा उरलेला नसतो.

डिलीट पूर्ण झाल्याचा मेल आला की तो जपून ठेवा. मग जुन्या ईमेलवरून पासवर्ड बदलण्याची विनंती टाकून पाहा. अकाउंट खरंच गेलं असेल तर बदलण्याचा दुवा यायला नको. नोंदणीच्या पत्त्यावर जाहिराती येतच राहिल्या तर त्या याद्या बहुधा वेगळ्या विभागाकडे असतात, तिथून वेगळं नाव काढावं लागतं. आणि पुढच्या बिलिंगच्या तारखेनंतर कार्डाचं स्टेटमेंट एकदा पाहा. पैसे कापले गेले असतील तर डिलीटचा तो मेल जोडून, ज्या दुकानातून रक्कम गेली त्या दुकानाकडेच रिफंड मागा.